पुलीवरची खूण

नारायण पेठेतल्या माणसाला वाघोली पुण्यात येते हे पटवून देणं कठीण. दिगंबर गद्र्यांना तर ते कुणी पटवून दिलंच नव्हतं. म्हणून अष्टमीला दुपारी, मुलीकडे दसऱ्यापर्यंत राहायला निघताना त्यांनी पाण्याची बाटली, टॉर्च, पोटाच्या गोळ्या आणि स्वेटर अशी परगावची सगळी तयारी बरोबर घेतली होती. वाघोलीला बसमधून उतरल्यावर त्यांनी आधी सदरा झटकला, नगर रस्त्याकडे एकदा नापसंतीने बघून घेतलं आणि आतल्या कच्च्या वाटेला लागले.

स्वच्छता हा दिगंबरपंतांचा धर्म होता आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांना होई. सरकारी कचेरीत ते टंकलेखक म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडले. पत्नी ललिताबाई गेल्यापासून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटेच असत. दिवसातून दोनदा फरशी पुसायचे आणि त्या लख्ख फरशीवर पाय ठेवायला कुणी यायचं नाही. हे दुःख ते कुणाला सांगत नसत. फरशी तिसऱ्यांदा पुसत.

नीरजा त्यांची एकुलती एक. तिने यवतमाळकडच्या सुदर्शनशी लग्न ठरवलं तेव्हा पंतांनी नाक मुरडलं होतं. पण मुलगा इंजिनियर, खराडीच्या मोठ्या कंपनीत, गळ्यात फोटोचं कार्ड. "आमचे जावई आयटीत असतात" हे वाक्य जिन्यात उभं राहून म्हणायला त्यांना पुढे पुढे आवडू लागलं. मग अमेरिकेत कुठेतरी बँका बुडाल्या आणि खराडीत सुदर्शनचं कार्ड काढून घेतलं गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे पंतांना शेवटपर्यंत कळलं नाही. यथावकाश मंदी सरली, जुना साहेब परत बोलवायला लागला, पण तोवर या पठ्ठ्याने एक जुनी पिकअप घेऊन वाघोलीत भाड्याच्या जागेवर हिरवी जाळी बांधली होती आणि जाळीखाली कुंड्या मांडल्या होत्या.

धंदा असा, की खराडीतल्या ऑफिसांना तो झाडं भाड्याने देई. बंद काचा आणि एसी यांत झाडं पंधरा दिवसांत मलूल होत. मग ती पिकअपमध्ये घालून वाघोलीला आणायची आणि त्यांच्या जागी ताजी नेऊन ठेवायची. इकडे आलेली उजेड-वारा खाऊन टवटवीत झाली की पुन्हा त्यांची पाळी.

"म्हणजे झाडांना भरपगारी रजा," पंत पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते. "माणसांना मिळते का हो तिथे?"

"माणसांना कायमची मिळते बाबा," सुदर्शन म्हणाला आणि मनापासून हसला. आपला टोमणा कुणी असा हसत परत करावा, याची पंतांना सवय नव्हती.

आता मात्र प्रकरण निकराला आलं होतं. खराडीतल्या एका नव्या इमारतीतल्या सगळ्या झाडांचं काम सुदर्शनला मिळालं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन, झाडं त्याआधी जागेवर हवीत. हे जमलं तर धंदा उभा राहणार. नाही जमलं तर काय, तेही नीरजाने वडिलांना फोनवर सांगून टाकलं होतं. "तर गाडी विकायची, सुदर्शन नोकरी धरेल, आई गावी मोठ्या दिरांकडे जातील आणि आम्ही दोघं नारायण पेठेत तुमच्याकडे येऊ. मग तरी खूश?" आई म्हणजे तिच्या सासूबाई, यमुनाबाई. पंतांनी "बघू, बघू" म्हणून फोन ठेवला आणि लगेच आतल्या खोलीतल्या कपाटाचं माप घेतलं.

अंगणात पोचतात तर पिकअपचं बॉनेट उघडं, इंजिनावरची झाकणं काढून पोत्यावर मांडलेली आणि जावई कोपरापर्यंत काळा.

"टायमिंग बेल्ट तुटला बाबा," सुदर्शन म्हणाला. "सकाळी चावी फिरवली आणि फट्कन गेला."

त्याने तुटलेला बेल्ट दाखवला. आतून दाते असलेला रबरी पट्टा, एका जागी विरून तुटलेला. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक चाक वर आणि एक खाली, त्यांना पुली म्हणतात. खालच्या पुलीशी पिस्टन बांधलेले, वरच्या पुलीशी झडपा, आणि हा पट्टा दोघींना एका तालात ठेवतो. पिस्टन वर आला की झडप मिटलेली हवी. ताल चुकला तर पिस्टन झडपेवर आदळणार आणि इंजिन कायमचं बसणार.

"पळत्या गाडीत तुटला असता तर आजच सगळं संपलं असतं. धोंडिबा मिस्त्री बघून गेला. आतलं वाचलंय म्हणाला."

"मग बसवत का नाही तो?"

"गावच्या देवीला गेला. दसऱ्याशिवाय येत नाही. बाकीच्या गॅरेजांतही उद्या हत्यारं पूजेला. आणि टेम्पो म्हणाल तर सगळे झेंडूत आणि नव्या फ्रिजांत अडकलेले. मीच बसवणार. त्यानं सांगितलंय सगळं. दोन्ही पुल्यांच्या खुणा जुळवायच्या आणि पट्टा चढवायचा, बस. दिवसभर शोधून शोधून खुणा काढून ठेवल्यात."

त्या खुणा कसल्या आणि कुठे, हे पंतांनी विचारलं नाही. अंगावर काळं उडेल म्हणून ते चार हात लांबच उभे होते. मनात म्हणाले, झालं, म्हणजे हे काही जमत नाही. आणि असं वाटल्याबरोबर आपल्याला बरं का वाटलं, याचं त्यांना जरा आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सुदर्शन सकाळीच मोटरसायकल काढून नाना पेठेत नवा बेल्ट आणायला गेला. जाता जाता यमुनाबाईंनी त्याला बजावलं, "आज हत्याराइची पूजा हाय. बेल्ट आण, पन हत्याराइले हात नाही लावाचा. उद्या लावजो." मग त्या पंतांकडे वळून म्हणाल्या, "ईवाईबुवा, च्या घेता ना?" नारायण पेठेतले व्याही त्यांच्या तोंडी ईवाई होत, आणि दरवेळी पंतांना वाटे की दुसऱ्याच कुणाला हाक मारली.

चहा झाल्यावर नीरजा म्हणाली, "बाबा, पूजेआधी पाने-बिने तेवढे पुसून द्याल? तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

पंतांचा चेहरा उजळला. कचेरीत असताना खंडेनवमीला ते आपला टाइपरायटर स्वतः साफ करत. शिपायाला हात लावू देत नसत. थिनरमध्ये फडकं बुडवून एकेक अक्षर घासत, शाई निघेपर्यंत. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले. त्यांना नुसता हार घालत आणि दुपारी घरी जात. देवाला फसवल्यासारखं वाटे पंतांना.

आज किती वर्षांनी तो मान परत मिळाला. त्यांनी सदरा काढून ठेवला, जुना बनियन फाडून फडकं केलं, सुदर्शनच्या पेटीतली थिनरची बाटली घेतली आणि पाने, पकडी, हातोडी असं सगळं आरशासारखं केलं. हात थांबेना. मग ते उघड्या इंजिनाकडे वळले. इतकी घाण बघून त्यांचा जीव कळवळला. झाकणं पुसली, नळ्या पुसल्या, दोन्ही चाकं पुसली. चाकांच्या कडेवर लाल चिकट काहीतरी वाळून बसलं होतं. नेलपॉलिश! लहानपणी नीरजाने अशीच नव्या चादरीवर सांडली होती. "या मुलीच्या हाताला वळण म्हणून नाही," असं पुटपुटत त्यांनी थिनर जरा जास्त घेतलं. दोन्ही डाग साफ निघाले.

संध्याकाळी यमुनाबाईंनी पाटावर हत्यारं मांडली, झेंडू वाहिला, तेलात कुंकू कालवून एकेक बोट सगळ्यांना लावलं. नंतर गाडीपाशी गेल्या. स्टिअरिंगला लावलं, चारी टायरांना लावलं, मग उघड्या इंजिनात डोकावल्या.

"कसं लखलख करून ठेवलं हो!" त्या म्हणाल्या, आणि त्या दोन चकचकीत पुल्यांनाही कडेवर एकेक ठसठशीत बोट लावलं. पंतांना धन्य वाटलं. आपल्या कामाची अशी पावती कचेरीतही मिळाली नव्हती.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरली आणि सुदर्शन कामाला लागला. यमुनाबाईंना सव्वादोनचा मुहूर्त गाठायचा होता. पंत स्टूल टाकून, पेपर घेऊन शेजारी बसले. आज त्यांना आतून एक छान उत्सुकता होती. ती नेमकी कशाची, हे ते स्वतःलाही सांगत नव्हते.

"बाबा, ही बघा गंमत," सुदर्शन म्हणाला. "कंपनीनं पुलीच्या कडेला एवढीशी खाच पाडलेली असते. या गाडीची गंजून पार दिसेनाशी झाली होती. अष्टमीला अख्खा दिवस टॉर्च मारून शोधली. परत हरवू नये म्हणून तुमच्या लेकीचं नेलपॉलिश लावून ठेवलं. हा लाल ठिपका वरच्या रेघेसमोर आणला, हा खालच्या बाणासमोर, की झालं जुळलं."

पंतांच्या हातातला पेपर तसाच राहिला.

नेलपॉलिश तर आपण पुसली. मग हे लाल कसलं? हे कुंकू. म्हणजे हा कुंकवाला खूण समजतोय. म्हणजे खाच एकीकडे आणि ठिपका भलतीकडे. पण कशावरून? विहीणबाईंनी नेमकं त्याच जागी लावलं असेल तर? असेलही. नसेलही. आपण डाग पुसला तो वरच्या अंगाला होता की बाजूला? पंतांना आठवेना. डोळे मिटले की सगळीकडे नुसता चकचकीतपणा दिसे.

"बाबा," सुदर्शन वाकून बघत म्हणाला, "वरची पुली काल कुणी फिरवली का हो? ठिपका इकडे नव्हता ना?"

आत्ता बोलायला हवं होतं. पंतांना ते कळत होतं. तोंडही उघडलं होतं. पण त्याच क्षणी नीरजा कुंड्यांना पाणी घालत जाळीखालून गेली, आणि त्यांना ती आपल्या घरी, खिडकीशी उभी राहून केस पुसताना दिसली.

"नाही," ते म्हणाले. "फिरवली नाही कुणी."

अक्षरशः खरं होतं. कुणीच फिरवली नव्हती.

"मग माझ्याच हातानं हलली असेल," सुदर्शन म्हणाला आणि त्याने ठिपका रेघेवर आणला.

त्यानंतर काय झालं ते पंतांना धड समजलंच नाही. बेल्ट चढला, ताणला गेला, झाकणं बसली. ते पेपरातली एकच ओळ वाचत होते. मध्येच वाटे, उठून सांगावं. लगेच वाटे, आता काय सांगणार, मघाशी का नाही बोललात म्हणून विचारतील. मग वाटे, जाऊ दे, इंजिन बिघडलं तर बिघडलं, भंगाराला आलेली तर गाडी, इंजिनियर माणूस माणसात येईल, नीरजा घरी येईल, यात वाईट कुणाचं आहे? हा हिशेब पुन्हा पुन्हा बरोबर येत होता आणि तरी ते तो परत पहिल्यापासून मांडत होते. त्यांनी पोटाची गोळी घेतली. तिने काही फरक पडला नाही.

दोनच्या सुमाराला बॉनेटवर झेंडू आणि आंब्याच्या पानांचा हार चढला. शेजारची दोन-चार माणसं जमली. नारळ फुटला.

"पहिली चावी मोठ्या मानसानं फिरवाची," यमुनाबाई म्हणाल्या.

"बाबा, तुम्हीच," सुदर्शन म्हणाला आणि त्याने दार उघडून धरलं.

पंत चढून बसले. हातात चावी आली, ती जागेवरही गेली. समोरच्या काचेतून यमुनाबाई दिसत होत्या. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. जोडलेल्या हातांत एका बोटाचं टोक अजून लाल होतं.

आणि पंतांना पुढचं सगळं एकदम स्वच्छ दिसलं. आत खडखडाट होईल, गाडी बंद पडेल. बॉनेट उघडेल. केव्हातरी सुदर्शनला तो ठिपका कुंकवाचा आहे हे कळेल. फडक्याचं कुणालाच कळणार नाही. हातानं कुंकू लावणारी ही बाई गावी जाईल आणि जन्मभर म्हणत राहील, माझ्या पूजेनं माझ्या लेकाची गाडी गेली. आणि आपण नारायण पेठेत लेकीच्या हातचा चहा पीत बसू.

इंजिन मोडलेलं त्यांना चाललं असतं. हे काही केल्या चालेना.

त्यांनी चावी काढली आणि खाली उतरले.

"काहून?" यमुनाबाईंनी डोळे उघडले. "बरं नाही वाटून राह्यलं का ईवाईबुवा?"

"सुदर्शनराव," पंत म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "त्या खुणा तुमच्या नाहीत. नेलपॉलिश मी काल पुसली. थिनरने. घाण वाटली म्हणून. आता आहे ते कुंकू आहे."

सुदर्शनने हार बाजूला करून बॉनेट उघडलं, वरचं झाकण काढलं आणि ठिपक्यावर बोट घासलं. बोट लाल झालं. मग त्याने मोठा पाना खालच्या पुलीच्या बोल्टला लावून हाताने, अगदी हळू, इंजिन फिरवायला सुरुवात केली. थोडं फिरलं. आणखी थोडं. मग आतून टक् असा बारीक आवाज आला आणि पाना अडला.

सुदर्शन पाना तसाच ठेवून जमिनीवर बसला. "चावी मारली असती तर..." एवढंच म्हणाला.

यमुनाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या कुंकवानं गाडी..."

"कुंकवानं नाही, यमुनाबाई," पंत घाईघाईने म्हणाले. "माझ्या फडक्यानं."

हे म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं, सुटलो. पण नीरजा पुढे आली होती. ती वडिलांकडे बघत होती, लहानपणी गणित सुटेना की वहीकडे बघायची तशी.

"बाबा, हे तुम्हाला कधी कळलं?"

'आत्ता' म्हणता आलं असतं. कुणी पडताळा घेतला नसता.

"सकाळी," पंत म्हणाले. "यांनी नेलपॉलिशचं नाव काढलं तेव्हा."

"बेल्ट चढवायच्या आधी."

"हो."

"त्याने तुम्हाला विचारलं होतं. मी ऐकलंय."

"पुली फिरवली का, असं विचारलं होतं. मी फिरवली नव्हती."

"वा," नीरजा म्हणाली. "हेडक्लार्क ते हेडक्लार्कच."

उभ्या आयुष्यात पंतांनी कितीतरी जणांना असं एका वाक्यात गार केलं होतं. ते कसं लागतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. शेजारची माणसं हळूच निघून गेली.

"मला वाटलं, गाडी चालली नाही तर तू घरी येशील," ते म्हणाले. मान खाली होती. "फार एकटं वाटतं गं. दुसरं काही नव्हतं मनात. आणि होतं ते काय होतं, मला खरंच कळत नव्हतं."

नीरजाचे डोळे भरून आले. पण ती आत निघून गेली, आणि पंत अंगणात तसेच उभे राहिले. बसावं की निघून जावं, हेही त्यांना ठरवता येईना. बसच्या वेळा पिशवीतल्या चिठ्ठीवर होत्या. पिशवी आत होती, जिथे नीरजा गेली होती.

सुदर्शन उठला. त्याने बेल्ट उतरवला, कुंकू पुसलं, आणि इंजिनात डोकं घातलं. जरा वेळाने आतूनच म्हणाला, "बाबा, तुमचा टॉर्च आणलाय ना? इथं धरा."

तो रागावला होता की नव्हता, हे त्याच्या आवाजावरून कळत नव्हतं. पंतांनी टॉर्च आणला आणि धरला. लांबून उजेड पुरेना म्हणून जवळ सरकले, मग आणखी जवळ. पांढरी बाही काळ्या लोखंडाला घासली, तिकडे त्यांनी बघितलं नाही. सुदर्शन जुन्या टूथब्रशने कडा घासत होता. खालची खाच लवकर मिळाली. वरची मिळेना. मिळाली तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदमच "हां!" निघालं आणि दोघंही एकमेकांकडे न बघता थांबले.

मागून हात पुढे आला. हातात नेलपॉलिशची बाटली. नीरजाने ती नवऱ्याला न देता वडिलांपुढे धरली.

"लावा," ती म्हणाली.

पंतांनी लावलं. ओघळ आला. तो पुसायला बोट आपोआप पुढे गेलं आणि त्यांनी ते मागे घेतलं.

पट्टा चढल्यावर सुदर्शनने पाना लावून इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवलं. कुठेच अडलं नाही. "हे मी सकाळीच करायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "धोंडिबानं बजावलं होतं, चावीआधी हातानं दोन फेरे दे म्हणून. मुहूर्ताच्या घाईत राहून गेलं."

"मुहूर्त तर टळला," पंत अपराधी स्वरात म्हणाले.

"कायचा टळते!" यमुनाबाई म्हणाल्या. "दसऱ्याचा आख्खा दिवसच मुहूर्त हाय. बसा."

"मी नको."

"बसा बाबा," नीरजा म्हणाली. "फक्त या वेळी काही माहीत असेल तर आधी सांगा."

पंत बसले. चावी फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं. त्या एवढ्याशा वेळात पंतांनी माहीत होते तेवढ्या सगळ्या देवांना हाक मारली, आणि आपण गाडी सुरू होण्यासाठी मारतोय हे कळून त्यांचे तेच चकित झाले. मग धडधडत, काळा धूर सोडत गाडी सुरू झाली. पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी धुरावर ढकललं.

अंधार पडायच्या आत कुंड्या भरून झाल्या. खराडीला झाडं उतरवून सुदर्शन पंतांना तसाच घरी सोडणार होता. ते पुढे बसले, यमुनाबाईंनी दिलेली आपट्याची पानं खिशात होती. तेवढ्यात नीरजा एक कुंडी घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. झाड अगदी मरगळलेलं, पानं धुळीने भरलेली.

"हे दमलंय," ती म्हणाली. "तुमच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवा. पंधरा दिवसांनी मी येऊन बदलून नेईन."

"तू येशील? का सुदर्शनराव?"

"मी येईन."

"आणि पंधरा दिवसांत बरं नाही झालं तर?"

"तर हे नेईन आणि दुसरं दमलेलं आणीन. दमलेली खूप आहेत." तिने कुंडीच्या कडेवरचा नेलपॉलिशचा ठिपका दाखवला. "ही खूण खिडकीकडे. आणि बाबा, पुसू नका."

तिने माफ केलं की नाही, हे काही पंतांना कळलं नाही. वाटेभर त्यांनी कुंडी दोन्ही पायांत घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी पुसत पुसत ते खिडकीपाशी आले. कुंडीवरच्या ठिपक्याला ओघळ होता, तो वाळून ओबडधोबड लाल डाग झाला होता. बघवत नव्हता. पंतांनी फडकं पिळलं आणि कुंडीला वळसा घालून पुढची फरशी पुसली.